शेरा : पुन्हा लिहिणे

तुमच्या मंडळाच्या दिवाळी अंकासाठी लिहिलेला लेख तू शुद्धलेखन तपासायला माझ्याकडे पाठवलास. तपासला. ऱ्हस्वदीर्घ बरे आहेत, अनुस्वार जागच्या जागी आहेत, न्यू जर्सीत इतकी वर्षं काढूनही मराठी बिघडलेली नाही. बिघडलंय ते दुसरंच. दोन टॅनिंग सलूनचा मालक झालास आणि शाळेत घोकलेलं सगळं शास्त्र गल्ल्यात टाकून वर कुलूप लावलंस. तेव्हा आता हातातलं काम बाजूला ठेव आणि ऐक. माझं होईपर्यंत मध्ये बोलायचं नाही.

लेखाला नाव दिलंयस ‘सरकारी जाच’. तक्रार काय, तर अल्पवयीन मुलामुलींना कातडी काळवंडवणाऱ्या टॅनिंगच्या यंत्रात झोपवायला कायदा मनाई करतो, ही म्हणे व्यक्तिस्वातंत्र्याची गळचेपी. कुणाच्या रे स्वातंत्र्याची? सोळा वर्षांच्या पोरीच्या की तुझ्या धंद्याच्या? लेखात ‘स्वातंत्र्य’ पानोपानी आहे आणि ‘कर्करोग’ एकदाच, तोही ‘तथाकथित’ हे विशेषण लावून. हे विशेषण मी लाल शाईने खोडलं आहे. तिथूनच सुरुवात करू.

2009 च्या जुलैमध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने, ल्योंच्या त्या संस्थेने, अतिनील किरणांची टॅनिंग यंत्रं ‘गट 1’ मध्ये घातली. या गटात तंबाखू आहे, अ‍ॅस्बेस्टॉस आहे, प्लुटोनियम आहे. आता तू लगेच म्हणशील, बाई, म्हणजे माझं यंत्र प्लुटोनियमइतकं घातक का? नाही. गट 1 म्हणजे धोका तेवढाच मोठा असं नव्हे. माणसात कर्करोग होतो याचा पुरावा तेवढाच पक्का, एवढाच त्याचा अर्थ. हा फरक मी मुद्दाम सांगते आहे, कारण तुझ्या धंद्यातले लोक याच फरकाचा आडोसा घेतात. धोका किती याची चर्चा करायला जागा आहे. धोका आहे की नाही, याची चर्चा तेव्हाच संपली. ‘शास्त्रज्ञांत अजून एकमत नाही’ हे तुझं वाक्य म्हणून धडधडीत खोटं आहे. चुकीचं नव्हे, खोटं. तुझ्या यंत्रावरचा इशारा तू वाचलेला आहेस.

त्याच संस्थेने आधीच्या बऱ्याच अभ्यासांची गोळाबेरीज केली होती. पस्तिशीच्या आत ज्यांनी या यंत्रांचा वापर सुरू केला, त्यांच्यात मेलॅनोमाचा, म्हणजे कातडीच्या सगळ्यात जीवघेण्या कर्करोगाचा, धोका सुमारे 75 टक्क्यांनी जास्त निघाला. पुढे जास्त अभ्यास धरून केलेल्या हिशेबात तो आकडा 59 टक्क्यांवर आला. आकडा कमी झाला म्हणून टाळ्या पिटू नकोस. आणि शंभरातल्या पंचाहत्तर जणांना रोग झाला असा अर्थही काढू नकोस. मूळचा धोका जेवढा, त्यावर एवढी वाढ. लहान वयातच का, हा प्रश्न तुला पडायला हवा होता. कातडीच्या पेशीतला बिघाड साचत जातो आणि त्याची गाठ व्हायला दहा-वीस-तीस वर्षं लागतात. चाळिशीत पहिल्यांदा त्या पेटीत शिरणाऱ्यापेक्षा पंधराव्या वर्षी शिरणाऱ्याच्या खात्यावर साचायला वेळही जास्त आणि फेऱ्याही जास्त.

‘टॅन म्हणजे निरोगी त्वचेची चमक’ असं तू लिहिलंस, तिथे तर मी पेन खाली ठेवलं. अरे, अतिनील किरण पेशीच्या केंद्रकात घुसून डीएनएच्या कड्या बिघडवतात, शेजारशेजारच्या दोन कड्या एकमेकींना चिकटवून ठेवतात. पी-53 नावाचं प्रथिन ही मोडतोड ओळखतं, पेशीला धोक्याची वर्दी देतं, आणि त्या वर्दीवरून रंगपेशी मेलॅनिन बनवायला लागतात. टॅनमागची ही साखळी 2007 साली प्रयोगशाळेत नीट उलगडून दाखवलेली आहे. म्हणजे आधी मोडतोड, मग रंग. घर जळून भिंतीवर काजळी धरावी आणि मालकाने ‘नवा रंग कसा दिलाय बघा’ म्हणून पाहुण्यांना मिरवावं, तसली ही तुझी चमक.

आता ‘ड’ जीवनसत्त्व. हा मुद्दा तू मोठ्या ऐटीत मांडला आहेस, बाजूला चौकटही काढलीयस. प्रकाशाचा पट्टा आठवतो का? अतिनील ‘ब’ किरणांची तरंगलांबी 280 ते 315 नॅनोमीटर, अतिनील ‘अ’ची 315 ते 400. ‘ड’ जीवनसत्त्व तयार होतं ते ‘ब’ किरणांनी. आणि तुझ्या पेट्यांमधल्या नळ्या प्रामुख्याने ‘अ’ किरण फेकतात, कारण त्यांनी कातडी लगेच लाल होत नाही, गिऱ्हाईक कळवळत नाही, आणि रंग झटपट चढतो. तगड्या यंत्रांतला ‘अ’ किरणांचा मारा भूमध्य समुद्राकाठच्या भर दुपारच्या उन्हाच्या दहा-पंधरा पट असू शकतो, असं जागतिक आरोग्य संघटनेनेच नोंदवलंय. जीवनसत्त्वाची गोळी औषधाच्या दुकानात मिळते. तिच्यासाठी कुणी पोरीला कपडे उतरवून दिव्याखाली झोपवत नाही.

‘सुट्टीवर जाण्याआधी थोडा टॅन घेतला की ऊन बाधत नाही’ हेही तुझंच वाक्य. त्या थोड्या टॅनचं संरक्षण मोजलं तर तीन-चार एसपीएफचं भरतं. औषधवाल्याकडची साधी मलमाची नळी तीस देते, आणि तीही डीएनए न बिघडवता.

‘मग उन्हावरही बंदी घाला’ असं तू विनोदाने लिहिलंयस. विनोद जमलेला नाही. ऊन कुणी मिनिटांच्या दराने विकत नाही, त्याची महिन्याची वर्गणी नसते, आणि पुढच्या फेरीवर सवलत द्यायला सूर्य बसलेला नाही. आणि जिथे उन्हाचाच धोका मोठा, त्या ऑस्ट्रेलियाने 1981 पासून पोराबाळांना अंगरखा घाला, मलम लावा, टोपी घाला हे गाणी म्हणून शिकवलं. त्याच ऑस्ट्रेलियाने पुढे तुझ्या यंत्रांचं काय केलं ते सांगते.

मेलबर्नची क्लेअर ऑलिव्हर. सव्विसाव्या वर्षी, 2007 च्या सप्टेंबरात, मेलॅनोमाने गेली. लहानपणी समुद्रकिनाऱ्यावर ती उन्हात पडत असे, हे तिने कधी लपवलं नाही. पण विशीत काही वेळा सोलॅरियममध्येही, म्हणजे तिथल्या टॅनिंग सलूनमध्येही, गेली होती, आणि आयुष्याचे शेवटचे आठवडे तिने वर्तमानपत्रांतून, टीव्हीवरून तरुण पोरांना हेच सांगण्यात घालवले की तिथे जाऊ नका. व्हिक्टोरिया राज्याने पुढच्याच वर्षी परवाने सक्तीचे केले आणि अठराखालच्यांना दारं बंद केली. पण तेवढ्याने भागत नाही हे दिसल्यावर न्यू साउथ वेल्स, व्हिक्टोरिया आणि दक्षिण ऑस्ट्रेलियाने 2014 च्या अखेरीस हा धंदाच बंद केला. बाकीची राज्यंही मागेपुढे त्याच वाटेने गेली. ब्राझील तर त्यांच्याही पुढे. तिथे 2002 मध्ये अल्पवयीनांना बंदी होती, आणि नोव्हेंबर 2009 मध्ये सौंदर्यासाठी चालणारी ही यंत्रं साऱ्या देशात सगळ्यांनाच बंद झाली. जगातला असा पहिला देश तो. बंदी आली की चोरून चालतं, हा तुझा आक्षेप इथे खरा आहे. ऑस्ट्रेलियात जुन्या पेट्या लोकांनी घरी नेऊन भाड्याने दिल्याच. पण ती अडचण मोठ्यांवरच्या बंदीची. तुला कुणी दुकान बंद करायला सांगत नाहीये. दारात वय विचार एवढंच म्हणतायत, आणि तेवढ्यावर तू जाच-जाच करून घर डोक्यावर घेतलंस.

ब्रिटनचं ऐक. स्कॉटलंडने 2009 च्या डिसेंबरात अठराखालच्यांना मनाई केली. इंग्लंड आणि वेल्ससाठी कार्डिफच्या खासदार ज्युली मॉर्गन यांनी खासगी विधेयक आणलं, ते 2010 मध्ये मंजूर झालं आणि 8 एप्रिल 2011 पासून लागू झालं. त्याआधी वेल्समधल्या बॅरी गावात नाणं टाकून चालणाऱ्या, देखरेखीला माणूस नसलेल्या सलूनमध्ये एक शाळकरी मुलगी भयंकर भाजली होती. यंत्राला काय, नाणं कुणाच्या हातचं याच्याशी त्याला देणंघेणं नाही. आता त्या कायद्यातली एक गोष्ट नीट वाच, कारण तुझ्या सगळ्या लेखाचं बूड तिथे निसटतं. दंड कुणाला? वीस हजार पौंडांपर्यंतचा तो दंड दुकान चालवणाऱ्याला ठेवला. आत शिरलेल्या मुलीला एक पेनीही नाही. तिचं स्वातंत्र्य कुणी हिरावलं? कायद्याने हात धरला तो विकणाऱ्याचा. कऱ्हाडच्या स्टँडसमोरच्या पानटपरीवर पाटी असते, अठरा वर्षांखालच्यांना तंबाखूजन्य पदार्थ विकणे दंडनीय गुन्हा आहे. 2003 च्या कायद्याने आली ती. ती पाटी पोरांना धमकावत नाही, टपरीवाल्याला बजावते. तो टपरीवाला पाटीकडे काणाडोळा करतो ही वेगळी गोष्ट; पण ‘माझ्या गिऱ्हाइकांच्या व्यक्तिस्वातंत्र्यावर घाला’ असा लेख त्याने अजून लिहिलेला नाही. तेवढी लाज त्याला आहे.

पालकांच्या संमतीवर तू अख्खं पान खर्च केलंयस. ‘आईवडील परवानगी देत असतील तर सरकार कोण?’ बरं. कॅलिफोर्नियात आधी हीच सोय होती. चौदाखालच्यांना बंदी, चौदा ते सतराला पालकांची चिठ्ठी चालायची. 9 ऑक्टोबर 2011 ला राज्यपाल जेरी ब्राउन यांनी नव्या कायद्यावर सही केली आणि 1 जानेवारी 2012 पासून अठराखाली चिठ्ठी नाही, सबब नाही, काही नाही. अमेरिकेतलं पहिलं राज्य. त्याच वर्षी व्हरमाँट, मग टेक्सास, ऑरेगॉन, इलिनॉय अशी रांग लागली. टेक्सास रे, टेक्सास! सरकारने कशात नाक खुपसलेलं ज्यांना खपत नाही, त्यांना हे पटलं आणि तुला पटेना.

चिठ्ठीचं मला सांगू नकोस. प्रगतिपुस्तकावर वडिलांची सही स्वतः ठोकणारी पोरं माझ्या हाताखालून गेली आहेत, आणि तुझ्या वडिलांची सही तिमाहीला एक आणि सहामाहीला एक अशी का असायची हे मी तेव्हा विचारलं नाही म्हणून मला कळलं नाही असं समजू नकोस. शिवाय सही खरी असली तरी काय? ज्या आईला तुझ्या काउंटरवर ‘काही धोका नाही, उलट चांगलंच’ असं सांगितलं जातं, तिची संमती म्हणजे तुझ्याच तोंडचं वाक्य तिच्या हस्ताक्षरात. आणि मुलीचा कर्करोग ही आईने सही करून द्यायची वस्तू आहे का? तुमच्याच न्यू जर्सीत 2012 साली एका आईवर पाच वर्षांच्या मुलीला टॅनिंगला नेल्याचा आरोप झाला होता. ग्रँड ज्युरीने खटला भरायला नकार दिला, तेव्हा त्या बाईंना दोषी म्हणायचा अधिकार मला नाही, तुलाही नाही. पण त्या गदारोळात राज्याला जाग आली आणि 2013 च्या एप्रिलमध्ये वयाची अट वाढली: सतराखाली बंदी, सतराव्या वर्षी पहिल्या खेपेला पालक समोर हजर हवेत. कायद्याने एवढी सवलत तुला ठेवली आणि तू तिलाच जाच म्हणतोस.

लेखात एक वाक्य सहज निसटलंय. ‘माझी स्वतःची मुलगी यात कधी गेली नाही, तिला गरजही नाही.’ हे वाक्य खोडू नकोस. साऱ्या लेखात खरं असं तेवढंच आहे. गरज नाही, कारण आपली कातडी मुळातच सावळी, असं तुला म्हणायचं असेल. मेलॅनिन जास्त म्हणून मेलॅनोमा आपल्यात कमी, हे बरोबर. पण गिऱ्हाईक म्हणून येतात त्या पोरींची कातडी तुझ्यासारखी नाही, हे ठाऊक असून तू त्यांना आत घेतोस. आणि आपल्या माणसांना ‘आपल्याला काय त्याचं’ म्हणून हा लेख वाचायला देतोस.

पुढच्या परिच्छेदात तू उलट आमच्यावरच शिंतोडे उडवलेस. ‘भारतात गोरं होण्यासाठी काय काय फासतात ते बघा, तिकडे कुणी कायदा करत नाही.’ आधी माहिती दुरुस्त कर. गोरेपणाच्या नादात लोक स्टिरॉइडची मलमं सर्रास फासत होते, त्यातल्या चौदा मलमांना 2018 मध्ये केंद्र सरकारने डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायला बंदी घातली. चिठ्ठीशिवाय अजूनही मिळतात, मान्य. आमच्या शेजारच्या मुलीचे गाल त्याने भाजल्यासारखे झाले, म्हणून तिच्या आईलाही मी असंच झापलं आहे. तुला एकट्याला बोल लावते असं वाटून घेऊ नकोस. पण त्या आईची चूक तुझ्या चुकीला कुठून धुऊन काढणार? इकडे काळ्या पोरीला गोरी व्हायला लावून पैसे काढायचे, तिकडे गोऱ्या पोरीला काळी व्हायला लावून काढायचे. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीला आरशात आपलं काहीतरी चुकलंय असं वाटतं, त्या वाटण्यावर दोन्हीकडचे दुकानदार जगतात. आणि नेमक्या त्या वयात ‘तिची निवड’ म्हणून तू हात वर करतोस.

निवडीचीही गंमत ऐक. अतिनील किरण लागले की कातडीत बीटा-एंडॉर्फिन तयार होतं, अफूच्या घराण्यातलं. वेक फॉरेस्ट विद्यापीठातल्या डॉक्टरांनी 2006 मध्ये एक छोटा प्रयोग छापला. सतत टॅनिंग करणाऱ्या आठ जणांना अफूचा परिणाम अडवणारं औषध दिलं, तर चौघांना मळमळ, थरथर सुरू झाली, व्यसन सुटताना होते तशी. आठच माणसं होती, तेव्हा यावरून मोठे निष्कर्ष मी काढणार नाही, तूही काढू नकोस. पण तुझ्या वार्षिक पासची गिऱ्हाइकं हिवाळ्यात आठवड्यातून तीनदा का येतात, याचा विचार तुला कधी करावासा वाटला नाही?

डॉक्टरही अतिनील दिवे वापरतात, असं म्हणशील. खरं. नील्स फिन्सेनला कातडीच्या क्षयावर प्रकाशाचा उपचार शोधल्याबद्दल 1903 चं नोबेल मिळालं, आणि आजही सोरायसिसला, कोडाला 311 नॅनोमीटरचा मोजका डोस देतात. रोग्याला, मोजून, नोंद ठेवून, फायदातोटा तोलून. ब्रिटनच्या कायद्यात त्याला सूट आहेच. तू त्या रांगेत उभा राहू नकोस.

कायदा करून काही होत नाही, हेही लिहून मोकळा झालास. अमेरिकेतल्या शाळकरी मुलांत वर्षभरात एकदा तरी टॅनिंग केलेल्यांचं प्रमाण 2009 मध्ये 15.6 टक्के होतं, 2015 मध्ये 7.3. गोऱ्या मुलींत तर 37 टक्क्यांवरून 15 वर आलं. सगळं श्रेय कायद्याला देत नाही मी. 2010 पासून टॅनिंगवर दहा टक्के कर लागला, 2014 मध्ये अमेरिकेच्या अन्न-औषध प्रशासनाने, एफडीएने, यंत्रांवर अठराखालच्यांनी वापरू नये असा ठळक इशारा छापायला लावला, शाळांतून बोललं गेलं. साऱ्या देशासाठी एकच अठराची अट असावी असा प्रस्तावही एफडीएने 2015 च्या डिसेंबरात मांडला. तो वर्षानुवर्षं कागदावरच राहिला, आणि त्याला विरोध करणाऱ्यांत तुझ्या धंद्याच्या संघटना पुढे होत्या.

या संघटनांच्या पुस्तिकेतूनच तू निम्मा लेख उतरवलायस, ते मला पहिल्या पानावरच कळलं. कॉपी ओळखता येत नसती तर आयुष्यभर पेपर तपासून मी केलं काय? त्यांच्यापैकी इनडोअर टॅनिंग असोसिएशनला 2010 च्या जानेवारीत फेडरल ट्रेड कमिशनने ‘टॅनिंगमध्ये धोका नाही, सरकारची मान्यता आहे’ असल्या जाहिरातींबद्दल पकडलं आणि तडजोडीत ते दावे थांबवायला लावले. आणि 2012 च्या फेब्रुवारीत तिथल्या संसदेच्या एका समितीच्या चौकशी करणाऱ्यांनी गोऱ्यापान किशोरवयीन मुली असल्याचं भासवून देशभरातल्या तीनशे सलूनना फोन केले. दर दहातल्या नऊ ठिकाणी उत्तर मिळालं, तब्येतीला काही धोका नाही. चारांतल्या तिघांहून जास्त जणांनी तर तब्येतीला चांगलंच असतं म्हणून सांगितलं. ती उत्तरं देणारी माणसं राक्षस नव्हती. काउंटरवर बसणारी, तासाच्या पगारावरची, मालकाने पढवलेलं बोलणारी पोरं होती.

तुझ्या काउंटरवर कोण बसतं? तिला तू काय पढवलंयस? आजच संध्याकाळी दुसऱ्या कुणाच्या तरी फोनवरून तुझ्या दोन्ही दुकानांना फोन लावायला एखाद्या ओळखीच्या मुलीला सांग. वय सोळा, कातडी गोरी, उन्हात लगेच लाल होते, पुढच्या शनिवारी शाळेचा नाच आहे, इतकंच तिने सांगायचं. पलीकडून आलेलं उत्तर शब्दन् शब्द लिहून मला पाठव. त्यात काटछाट करायची नाही.